खाली चिखलदरा, वर वीटभट्टी
जुन्या दोन मजली घरातल्या उष्णतेचा एक अभ्यास

वऱ्हाडातल्या जुन्या दोन मजली घरात उन्हाळ्याचे दोन ऋतू एकाच वेळी नांदत असतात. खालच्या मजल्यावर चिखलदरा आणि वरच्या मजल्यावर वीटभट्टी. एप्रिल लागला की वरची मंडळी गाद्या-उशा काखेत मारून खाली उतरतात, खाली पाय ठेवायला जागा उरत नाही आणि 'वरच्या कूलरमध्ये काहीतरी खराबी आहे' या विषयावर घरात चर्चासत्र सुरू होते. मेकॅनिक येतो, ताट्या बदलतो, पंप बदलतो, पैसे घेतो आणि जातो. वरचा मजला तापायचा तो तापतोच. शेवटी 'एसी घेतल्याशिवाय इलाज नाही' हा ठराव घरात एकमताने पास होतो.

आपल्या होस्टेलची गोष्ट काही वेगळी नाही. तळमजल्यावरचा विद्यार्थी आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी यांचा मे महिन्यातला पेपर एकच असतो, पण अभ्यासाच्या खोलीचे तापमान मात्र एक नसते.

हीट ट्रान्सफरच्या पुस्तकात आपण जे पाठ करतो, तेच वापरून हा प्रश्न सोडवता येतो का, हे मी एका घरात करून पाहिले. त्यातून हाती लागलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. वरचा मजला तापतो तो कूलर कमी पडतो म्हणून नाही, तर छप्पर दिवसभर उष्णता आत ओतत राहते म्हणून. तेव्हा दुरुस्ती मशिनपासून नव्हे, छपरापासून सुरू करायची. मशिनचा नंबर शेवटचा.

अभ्यासाचे घर

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पश्चिमेला माझ्या मामांचे घर आहे. खालचा मजला पणजोबांच्या काळातला, दीड-पावणेदोन फूट जाडीच्या माती-विटांच्या भिंतींचा. त्यावर पूर्वी धाबे होते, म्हणजे लाकडी सरे, त्यावर फळ्या आणि वर हातभर मातीचा थर. पुढे कुटुंब वाढले. मामांनी धाबे उतरवले, खांब उभे करून स्लॅब टाकला, त्यावर दोन खोल्या आणि हॉल बांधला आणि वर पुन्हा पाच इंची स्लॅब. वरच्या भिंती नऊ इंची. लांबी-रुंदी ३० फूट बाय २० फूट. वऱ्हाडातली निम्मी जुनी घरे अशीच आहेत. खालचा मजला आजोबांचा, वरचा काकांचा, आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

काळ होता मे २०२४ चा. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. त्या महिन्याच्या अखेरीस जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेमुळे जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले होते. एरवी दंगलीसाठी वापरायचे कलम उन्हासाठी वापरावे लागले, यावरून काय ते समजा. त्याच वेळी मामेबहीण बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ अवघे बारा दिवसांचे, आणि ताईची खोली वरच्या मजल्यावर. आजीचा हुकूम होता, "लेकराच्या अंगावर कूलरची हवा नोको." मामा म्हणत होते, "पोरा, वरतं आता एसीच घ्या लागते, दुसरा इलाज नाई." पण एसीसाठी जुने वायरिंग बदलायचे, मीटरचा लोड वाढवायचा, म्हणजे मशिनच्या किमतीवर आणखी खर्च.

सरांच्या परवानगीने प्रयोगशाळेतले इन्फ्रारेड थर्मामीटर आणि दोन साधे थर्मामीटर घेऊन मी अमरावतीहून अकोल्याला गेलो आणि आठ दिवस मामांकडे मुक्काम ठोकला.

'गरम हवा वर जाते': खरे, पण किती?

कोणालाही विचारा, वरचा मजला गरम का? उत्तर तयार असते, गरम हवा हलकी असते, ती वर जाते. सहावीच्या पुस्तकातले हे उत्तर चूक नाही. पण इंजिनिअरने 'किती' हे विचारले पाहिजे.

जमिनीपासून वरच्या खिडकीपर्यंत उंची सहा मीटर धरा. आतल्या आणि बाहेरच्या हवेत पाच अंशांचा फरक धरा. हवेची घनता, गुरुत्वीय त्वरण, उंची आणि तापमानाच्या फरकाचे प्रमाण यांचा गुणाकार केला की दाबाचा फरक येतो सुमारे एक पास्कल. म्हणजे पाण्याच्या एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. कूलरचा पंखा याच्या कितीतरी पट दाब सहज देतो.

आणखी एक गोष्ट पाहा. वर जाणारी हवा खालच्या मजल्यावरून येते, आणि खालची हवा तर ३३ अंशांची. ३३ अंशांची हवा वर जाऊन वरची खोली ३९ अंशांची कशी करेल? ते सहा अंश दुसरीकडूनच आले पाहिजेत. जिन्यावरून येणाऱ्या हवेवर आळ घेण्यात अर्थ नाही. खरा आरोपी डोक्यावर बसला आहे.

सतरा टनांचा तवा

अकोला आणि अमरावती दोन्ही साधारण २१ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ येतात. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी जाते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भर दुपारचे ऊन भिंतीला जवळजवळ लागतच नाही, सगळे छपरावर पडते. पूर्वेची भिंत सकाळी तापते, पश्चिमेची संध्याकाळी, पण छप्पर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तापत असते.

मे महिन्यात छपराच्या दर चौरस मीटरवर दिवसाला साडेसहा ते सात युनिट एवढी ऊर्जा पडते. मामांच्या छपराचे क्षेत्रफळ ५६ चौरस मीटर. गुणाकार करा. दिवसाला पावणेचारशे युनिट! विजेचे बिल याने आले असते तर घर विकावे लागले असते. यातला बराच भाग हवेत आणि आकाशात परत जातो, पण थोडा भाग स्लॅबमधून खाली झिरपतो. तो दर चौरस मीटरला ६० वॅट धरला, तरी ५६ चौरस मीटरला साधारण ३,४०० वॅट होतात. एक टनाचा एसी ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. याचा अर्थ, मामांनी वर एक टनाचा एसी बसवला असता तर दुपारभर तो फक्त छपराशी कुस्ती खेळत बसला असता. माणसांच्या वाट्याला काय आले असते?

आता स्लॅबचे वजन पाहू. ५६ चौरस मीटर क्षेत्रफळ आणि साडेबारा सेंटिमीटर जाडी म्हणजे ७ घनमीटर काँक्रीट, आणि वजन जवळपास १७ टन. डोक्यावर सतरा टनांचा तवा ठेवून आपण खाली झोपतो. तवा जाड असला की उशिरा तापतो आणि उशिराच निवतो, हे घरातल्या कोणत्याही बाईला माहीत आहे. पाच इंची स्लॅबमधून उष्णता खाली पोचायला तीन-चार तास लागतात. म्हणून दुपारी दोनला वर पडलेले ऊन संध्याकाळी सहाला खोलीत उतरते, आणि सूर्य मावळला तरी खोली मावळत नाही.

माझ्या नोंदी याच गोष्टीला दुजोरा देत होत्या. दुपारी तीनला सावलीत ४४ अंश असताना स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६२ अंश होता. संध्याकाळी सहाला वरच्या खोलीचे छत खालून ४६ अंश, आणि खालच्या मजल्याचे छत फक्त ३४. रात्री अकराला बाहेर ३३ अंश, पण वरच्या खोलीत ३७.

खालचा मजला थंड का, हेही यातून कळते. त्याच्या डोक्यावर सूर्य नाही, वरचा मजला आहे. वरचा मजला म्हणजे खालच्याची छत्रीच. शिवाय खालच्या फरशीखाली जमीन आहे, आणि काही मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर २७-२८ अंशांच्या आसपास राहते. खालच्याला छत्रीही आहे आणि थंड गादीही. वरच्याला दोन्ही नाहीत.

पूर्वीचे हातभर मातीचे धाबे काय करत होते, तेही आता लक्षात येईल. त्याच्या जाडीतून उष्णता खाली यायला दहा-बारा तास लागत, तीही खूप मंदावून, आणि ती पोचेपर्यंत पहाट झालेली असे. आजी म्हणाल्या, "आमच्या वक्ती धाब्याचं घर होतं, कायचा कूलर अन् कायचं काय!" आजीला टाइम लॅग हा शब्द माहीत नाही, पण तो त्यांनी पन्नास उन्हाळे अनुभवला आहे. अर्थात धाब्याची दर पावसाळ्याआधीची डागडुजी, गळती आणि वाळवी यांनाही त्या विसरलेल्या नाहीत. धाबे परत आणा असे मी म्हणत नाही. त्याचे काम दुसऱ्या कोणत्या उपायाने करून घेता येईल, एवढाच प्रश्न आहे.

थर्मामीटर एक सांगतो, अंग दुसरे

कूलर लावल्यावर वरच्या खोलीची हवा ३१ अंशांपर्यंत आली. खालीही ३१. तरी वरचे लोक म्हणत, वर गरमच होते. ते खोटे बोलत नव्हते. आपल्या अंगाला हवा जशी लागते तशीच भोवतालच्या पृष्ठभागांची किरणेही लागतात. वाटणारे तापमान हे साधारणपणे हवेचे तापमान आणि भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान यांची सरासरी असते.

वर पलंगावर आडवे पडल्यावर समोर ४६ अंशांचे छत आणि बाजूला ३६ अंशांच्या भिंती. छताचा वाटा एक तृतीयांशाच्या थोडा वर धरला तर पृष्ठभागांची सरासरी येते साडेएकोणचाळीस. हवा ३१ ची. दोन्हींची सरासरी ३५. खाली हाच हिशेब केला तर ३२. हवा तीच, कूलर तसाच, फरक तीन अंशांचा, आणि तो पूर्ण छतामुळे. इथे मेकॅनिक बिचारा काय करणार?

कूलर नेमके काय करतो?

कूलर खोली थंड करत नाही, बाहेरची हवा थंड करून आत ढकलतो. हा फरक नीट समजला की निम्मे काम झाले.

४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचे ओल्या फडक्याचे तापमान, म्हणजे वेट बल्ब, साधारण २३ अंश येते. कूलर कितीही चांगला असला तरी याच्या खाली जाऊ शकत नाही. ताट्या नीट भिजलेल्या असतील तर मधल्या २१ अंशांपैकी तीन चतुर्थांश अंतर तो कापतो आणि २८ अंशांच्या आसपासची हवा देतो. पावसाळा लागल्यावर ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असली की वेट बल्ब साडेअठ्ठावीसच्या घरात जाते आणि तोच कूलर जेमतेम ३० अंश देतो. म्हणून जुलैत कूलर 'बिघडतो'. त्यात कूलरचा दोष नाही, हवेत पाणी प्यायला जागाच उरलेली नसते.

आत आलेली हवा बाहेर गेली पाहिजे. आपल्याकडे 'थंडावा बाहेर जाईल' म्हणून कूलर लावून सगळ्या खिडक्या बंद करतात. मग हवा कोंडते, आर्द्रता वाढते, अंग चिकट होते आणि पंख्याला नवीन हवा आत ढकलता येत नाही. ठोकताळा असा, दर मिनिटाला हजार घनफूट हवेमागे एक ते दोन चौरस फूट उघडी जागा बाहेर जाण्यासाठी ठेवावी. एका वाक्यात लक्षात ठेवा. एसीला खिडकी बंद, कूलरला खिडकी उघडी.

यातूनच पुढची युक्ती सुचते. कूलरची हवा कुठे जाईल हे कूलर ठरवत नाही, उघडी खिडकी ठरवते. जी खिडकी उघडाल तिकडे हवा जाईल.

दुरुस्तीचा क्रम

पहिली पायरी, माणसे हलवा. ही बिनखर्चाची आहे आणि सगळ्यात महत्त्वाची आहे. अहमदाबादला मे २०१० मध्ये उष्णतेची मोठी लाट आली. त्या एका महिन्यात तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासकांनी नंतर दाखवले. त्याच लाटेच्या काळात शहरातल्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळे उष्णतेने आजारी पडून दाखल होत होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की ४२ अंशांच्या वर दर एका अंशामागे अशा बाळांचे प्रमाण ४३ टक्क्यांनी वाढत होते. तिथला बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट छपराखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर बाळांना त्याचा फायदा झाला. म्हणजे 'कोणत्या मजल्यावर' हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, तो जिवाचा आहे. मी हे मामांना वाचून दाखवले आणि त्याच संध्याकाळी ताई आणि बाळ खालच्या माजघरात आले. घरात तान्हे बाळ, म्हातारे माणूस किंवा आजारी माणूस असेल तर बाकी सगळे वाचायच्या आधी एवढे करा.

दुसरी पायरी, छप्पर पांढरे करा. काळपट स्लॅब पडलेल्या उन्हातला साधारण ७० टक्के भाग शोषतो. ताजा चुना २५ ते ३० टक्केच शोषतो. म्हणजे निम्म्याहून जास्त ऊन दारातूनच परत. चुना, पांढरे सिमेंट आणि चिकटण्यासाठी थोडा फेविकॉल असे मिश्रण करून, छप्पर स्वच्छ झाडून आणि धुऊन, संध्याकाळच्या वेळी दोन हात मारायचे. धुळीवर मारलेला चुना पापुद्रे धरून निघतो. पावसाळ्यात तो धुपतो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा मारायचा. मामा आणि मी दोन संध्याकाळी हे काम केले. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६२ ऐवजी ४७ अंश आला, आणि संध्याकाळी सहाला छत खालून ४६ ऐवजी ३८. एका घराचे आकडे म्हणजे सिद्धांत नव्हे, पण हीट ट्रान्सफरचा हिशेब जे सांगतो तेच घडले. अहमदाबादने २०१३ पासून उष्णता कृती आराखडा राबवला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम घेतला. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. हा उपाय गरिबाचा आहे, पण मागासलेला नाही.

चुन्याऐवजी किंवा चुन्याबरोबर सावलीही चालते. हिरवी जाळी स्लॅबपासून दोन-तीन फूट उंच बांधा, म्हणजे मधून वारा खेळेल. स्लॅबला चिकटून टाकलेली जाळी फारसे काम करत नाही. खेड्यात पऱ्हाट्या-तुराट्यांचा मांडव घालतात, तोही उत्तम, पण शहरात गच्चीवर वाळलेला काडीकचरा म्हणजे आगीला आमंत्रण. तिथे जाळीच बरी. ज्यांच्याकडे वर टिनाचे पत्रे आहेत त्यांनी पत्रा पांढरा करून खाली फॉल्स सीलिंग करावे आणि पत्रा व सीलिंग यांच्या मधल्या पोकळीतली हवा दोन्ही टोकांनी बाहेर पडेल अशी जागा ठेवावी. पोकळी बंद केली तर ती दुसरी भट्टी होते.

तिसरी पायरी, रात्रीचा उपयोग करा. मघाशी ज्या एक पास्कलला आपण किरकोळ म्हटले, तो रात्री आपला मित्र होतो. रात्री दहानंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड होते. खालची एक खिडकी आणि जिन्याचे गच्चीवर उघडणारे दार उघडे ठेवले की गरम हवा वरून निघून जाते आणि खालून थंड हवा येते, एकही युनिट न जाळता. अर्धा चौरस मीटर वाट मोकळी असेल तर सेकंदाला सुमारे चारशे लिटर हवा अशी आपोआप फिरते. चोराची भीती असेल तर दाराला लोखंडी जाळीचे दार लावून घ्या. सकाळी साडेसात-आठला मात्र सगळे बंद करून पडदे ओढायचे. दिवसा उघडे ठेवले तर रात्रीची कमाई दुपारी उडाली म्हणून समजा.

चौथी पायरी, हवेला वाट द्या. मामांकडे दोन कूलर होते, एक खाली आणि एक वर. आम्ही वरचा बंद केला. खालचा उत्तरेच्या खिडकीत, सावलीत ठेवला. खालच्या बाकी खिडक्या बंद केल्या, माजघराचे आणि जिन्याचे दार उघडे ठेवले आणि वरच्या दोन्ही खोल्यांच्या पूर्वेच्या खिडक्या उघडल्या. मे महिन्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून असतो, म्हणून हवा बाहेर सोडायची ती पूर्वेला, नाहीतर वारा तिला परत आत ढकलतो. आता कूलरची हवा बैठकीतून माजघरात, माजघरातून जिन्याने वर आणि वरच्या खोल्यांतून बाहेर जाऊ लागली. खाली ३०, वर ३३. एकच हवा दोन मजल्यांच्या कामी आली. बाळाच्या अंगावर थेट झोत नाही, त्यामुळे आजीही खूश. "हे बेस केलं," एवढेच त्या म्हणाल्या, पण आमच्याकडे हे सुवर्णपदकच समजले जाते.

पाचवी पायरी, पाण्याचा हिशेब. कूलर मिनिटाला दीड हजार घनफूट हवा १४ अंशांनी थंड करत असेल तर तासाला साधारण १६ लिटर पाणी उडते. दर तासाला एक बादली. आठ तास चालला तर सव्वाशे लिटर. दोन कूलर म्हणजे अडीचशे. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून आणि अमरावतीला अप्पर वर्ध्याच्या सिंभोऱ्याहून पाणी येते. उन्हाळ्यात नळाची वाट पाहणाऱ्या घरात एक कूलर बंद करता येणे ही लहान गोष्ट नाही.

यातले थोडे पाणी स्लॅबवर जास्त उपयोगी पडते. एक लिटर पाणी पूर्ण उडाले तर ते २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. आपला सतरा टनांचा तवा एक अंशाने थंड करायला सुमारे १५,००० किलोज्यूल लागतात. म्हणजे १०० लिटर पाण्यात कागदावर १६ अंश, आणि अर्धे वाया गेले असे धरले तरी ८ अंश. कपडे धुतलेले शेवटचे पाणी चालते. फक्त दोन पथ्ये पाळा. तापलेल्या स्लॅबवर भर दुपारी पाणी ओतू नका, भेगा पडतात. ऊन गेल्यावर शिंपडा. आणि स्लॅब गळका असेल तर आधी गळती बंद करा.

सहावी पायरी, मग एसी. एवढे करूनही गरज असेल तर एसी जरूर घ्या, पण आता तो लहान पुरेल. थंड हवा जड असते, ती जिन्यावरून खाली ओघळते. म्हणून वर एसी लावला तर खोलीचे दार बंद ठेवा किंवा जिन्याच्या तोंडाशी जाड पडदा लावा. त्याच हवेत कूलर चालू ठेवू नका. कूलर हवेत पाणी घालेल आणि एसी ते पाणी काढत बसेल, बिल मात्र तुम्ही भराल.

एक सूचना जिवाची

दर उन्हाळ्यात वऱ्हाडात कूलरचा शॉक लागून माणसे गेल्याच्या बातम्या येतात. लोखंडी बॉडी, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय एकत्र आल्यावर चूक माफ होत नाही. थ्री-पिन प्लग, चालू स्थितीतले अर्थिंग आणि मेन बोर्डावर आरसीसीबी या तीन गोष्टी असल्याशिवाय कूलर लावू नये. पाणी भरताना किंवा ताट्यांना हात लावताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. आणि लहान मुलांना कूलरजवळ खेळू द्यायचे नाही.

आपल्या होस्टेलसाठी

मामांनी एसीचा विचार पुढे ढकलला. वरचा मजला चिखलदरा झाला असे नाही. संध्याकाळी सहाला वरच्या आणि खालच्या मजल्यात सहा अंशांचा फरक होता, तो तीनवर आला, आणि रात्री अकराला वर ३७ ऐवजी ३३ अंश झाले. ३७ अंशांत माणूस कूस बदलत रात्र काढतो, ३३ अंशांत पंख्याखाली त्याला झोप लागते. चार अंशांची किंमत एवढी आहे.

आपल्या होस्टेललाही हाच हिशेब लागू आहे. वरच्या मजल्याच्या छपरावर चुना मारण्याचे काम एनएसएसच्या एका रविवारचे आहे. सिव्हिलच्या मित्रांनी आधी स्लॅबच्या भेगा पाहाव्यात, मेकॅनिकलवाल्यांनी आधी आणि नंतर तापमानाच्या नोंदी घ्याव्यात, इलेक्ट्रिकलच्या मुलांनी प्रत्येक कूलरचे अर्थिंग तपासावे. जिन्याचे वरचे दार रात्री उघडे ठेवायची परवानगी, जाळीचे दार बसवून, रेक्टर सरांकडून मिळवता येईल. आणि ज्याची तब्येत बरी नाही त्याला मे महिन्यात तळमजल्यावरची रूम द्यावी, एवढे आपण आपसातही ठरवू शकतो.

हे सगळे मार्चमध्ये करायचे. मे महिन्यात सूर्य डोक्यावर आला की मग चुन्याची बादली घेऊन वर चढणेसुद्धा अवघड होते.